पाच हजार शब्द आणि उंब्रजचा कावळा

१३ नोव्हेंबर, बुधवार
आज तुळशीचं लग्न लागलं. तिचं दरवर्षी लागतं. आईने उरलेल्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या आणि कपाळाला हात लावला.

मी निर्णय घेतला आहे. या लग्नसराईत आपलं उरकायचं. आतापर्यंतच्या सगळ्या नकारांचा मी शांतपणे अभ्यास केला. शेती हे कारण नाही. वय हे कारण नाही (बायोडाटात एकतीस आहे, तेच धरून चालायचं). कारण एकच, इंग्लिश. साधं इंग्लिश आता कुणालाही येतं. आमच्या म्हशीलाही 'कम, कम' कळतं. माणूस उठून दिसतो तो ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरीने.

कराडच्या स्टँडवरून जाड पुस्तक आणलं. पाच हजार कठीण शब्द, ए टू झेड. रोज पन्नास केले तर फेब्रुवारीत संपतं. तोपर्यंत मुली बघायचे कार्यक्रम ऐन भरात असतील. वेळेचं गणित इतकं जुळलंय की भीती वाटते.

ही रोजनिशी इंग्लिशमध्येच लिहिणार होतो. पहिलं वाक्य मनासारखं होईना. तूर्त मराठीत.

१५ नोव्हेंबर
पन्नास जास्त होतात. दहा बरे. क्वांटिटीपेक्षा क्वालिटी.

नवा शब्द दिवसभर बोलण्यात वापरायचा, असं पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलंय. तात्या मोटार चालू करून आले आणि पाण्याचं काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, पाणी ॲबंडंट आहे. तात्या, म्हणजे माझे वडील, फौजेत हवालदार होते, त्यांना इंग्लिशचं वावडं नाही. म्हणाले, पाणी हाय का न्हाई एवढंच सांग, रिपोर्ट शॉर्ट पायजे. घरात वातावरण असेल तर माणूस प्रगती करतो. इथे वातावरण नाही.

२२ नोव्हेंबर
आज एकही शब्द झाला नाही. माझा दोष नाही. दिवसाची लाईट मिळाली म्हणून पाणी द्यायला गेलो तर बांधाकडच्या सरीत पानांच्या मागे पांढरा लोकरी मावा दिसला. अजून सुरुवातच होती. तेवढी पानं काढून जाळली, फवारणी केली, मग शेजारच्या कृष्णातच्या उसातही बघून आलो, कारण मावा बांध मानत नाही. कृष्णात आमच्या भावकीतला, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच बिनलग्नाचा. दहावीला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा आनंदात परत आला. म्हणाला, दादा, तू न्हाईतर माझा ऊस गेला हुता गड्या. मी त्याला 'ॲडव्हर्सिटी' समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि चहा सांगितला.

२३ नोव्हेंबर
आजच्या दहात 'ॲग्रेरियन' आला. अर्थ : शेतीविषयक. हा आपल्याला कधी लागणार नाही. काळ्या पेनाने गच्च खोडून टाकला. नको तिथे डोकं अडकवायचं नाही, ही शिस्त.

२ डिसेंबर
मामांचा फोन. आप्पासो मामा उंब्रजला असतात. त्यांनी स्थळ आणलंय. मुलगी स्वप्नाली, बी.एस्सी. ॲग्री. वडील निवृत्त सुभेदार, गुडघ्याने आता अधू. भाऊ नाही. घरची उसाची रोपवाटिका आहे आणि ती मुलगीच बघते. आसपासच्या गावांतली माणसं तिच्याकडून रोपं नेतात. कृष्णातही नेतो म्हणे. मला बोलला नव्हता.

मामा म्हणाले, आवं, तुमच्यासाठीच काढल्यागत स्थळ हाय.

बी.एस्सी. म्हणजे सगळी पुस्तकं इंग्लिशमध्ये. चार वर्षं ती मुलगी इंग्लिशमध्ये राहिली आहे. आणि आता रोज ढेकळं तुडवणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलतेय. तिचा जीव किती गुदमरत असेल, मी समजू शकतो. मामांनी फोटो पाठवला आहे. हातात रोपांचा ट्रे धरून हसतेय. फोटो पाहिल्यावर मला कधी नव्हे ती भूक लागली नाही.

७ डिसेंबर
उद्या बघायचा कार्यक्रम. शब्द पक्के केले : ॲम्बिशस, ॲस्पिरेशन, ॲल्टिट्यूड. पुस्तकात अजून ए चालू असल्यामुळे सगळे ए-चेच आहेत, पण ऐकणाऱ्याला ते कळत नाही.

हाताला घट्टे आहेत. चार दिवस व्हॅसलीन लावतोय. आज आईचा पायाला घासायचा दगडही वापरला. आग होतेय, पण सहन करायचं.

८ डिसेंबर, रविवार
कार्यक्रम उत्तम झाला. फार उत्तम.

गेलो मी, तात्या, आई आणि कृष्णात (गाडी त्याची). सुभेदार बोलायला मोकळे. पोहे चांगले होते. मग आम्हा दोघांना बाहेर रोपवाटिकेत बोलायला पाठवलं. तिने सरळच विचारलं, तुमच्या रानात ऊस कुठला असतो? हा ट्रॅप आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. शहाऐंशी शून्य बत्तीस असं तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. म्हणालो, शेती तात्या बघतात, माझा ॲप्रोच वेगळा आहे, माय ॲस्पिरेशन इज कॉर्पोरेट. ती म्हणाली, म्हणजे तुमी हितं न्हाई ऱ्हाणार? मी म्हणालो, स्काय इज द लिमिट. तिने खाली बघितलं. लाजली असावी.

तिच्या मागे एका ट्रेमधल्या रोपांना बुरशी धरत होती. पाणी जास्त झालं होतं. सांगावंसं वाटलं, पण इमेज महत्त्वाची.

एक छोटा प्रसंग. तिची आजी, धोंडुबाई, आत पलंगावर होती. तिने मला जवळ बोलावलं, दोन्ही हात उलटे करून बघितले, अंगठा फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, ह्याचं हात राबत्याचं हायत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी प्रसंगावधान राखून हसलो आणि म्हणालो, आजी, हे जिमचे आहेत. डंबेल्स. आजी तरीही हात सोडेना. म्हणाली, डंबेल का फिंबेल, पर राबत्याचं हायत. म्हातारी माणसं एकदा धरलं की धरतात.

परत येताना कृष्णातने विचारलं, जिमला कवा गेलतास रं? मी खिडकीबाहेर बघितलं.

१६ डिसेंबर
उंब्रजहून निरोप नाही. चांगलं लक्षण. नकार असता तर लगेच आला असता, मला अनुभव आहे.

१९ डिसेंबर
मामांचा फोन. पोरगी इचारतीय, मुलगा पुण्याला जाणार का? मी म्हणालो, पुणं काय, बेंगळुरूपर्यंत जाईन. मामांनी तिथेच फोन ठेवला. रेंजचा प्रॉब्लेम असेल.

तात्या ऐकत होते. म्हणाले, बेंगळुरूला ऊस कोण लावणार हाय, तुझा बा? मग स्वतःच म्हणाले, व्हय, बाच लावणार. आणि गोठ्यात गेले.

१ जानेवारी
नवं वर्ष, नवे संकल्प. रोज पंधरा शब्द. पहाटे उठून मोठ्याने उच्चार. घरात फक्त इंग्लिश. मोबाईलवर रील बघायचे नाहीत.

पुस्तक ए-मध्येच आहे, पण ए सगळ्यात मोठं अक्षर असावं. एकदा ए संपला की पुढचं उतारावरून गेल्यासारखं जाईल.

दुपारी आई म्हणाली, इंग्लिशमध्ये जेवायला वाढू का मराठीत? मराठीत जेवलो.

१० जानेवारी
कारखान्याची तोड आली. टोळी सकाळीच हजर. दिवसभर फडात. वाडं, पाचट, धूळ, डोळ्यांत कुसळ. पुस्तक बरोबर नेलं होतं, ते बैलगाडीच्या चाकाखाली गेलं. सुदैवाने एक्सच्या पानांवर. एक्सचे शब्द कुणी विचारत नाही.

ऊस चांगला पडला. टोळीचा मुकादमही म्हणाला, दादा, असा ऊस यंदा पयल्यांदाच बघतुय. कृष्णातने मोळीवर हात ठेवलेला माझा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला : 'उदयसिंहदादा, कुंडलचा एक नंबर शेतकरी'. मी धावत जाऊन तो काढायला लावला. तो रोपं उंब्रजहून आणतो, म्हणजे त्याचं स्टेटस तिला दिसणार. डोक्याला टॉवेल, बनियन, तोंडाला काळी धूळ. एका फोटोत दोन महिन्यांची मेहनत मातीत गेली असती. कृष्णात म्हणाला, दादा, फोटू झकास हुता. याला इमेज म्हणजे काय ते कळत नाही. चांगला माणूस आहे, पण बेसिक.

१९ जानेवारी
वाईट बातमी. धोंडुबाई आजी गेल्या. मामांनी कळवलं. परवा सकाळी नदीकाठी रक्षाविसर्जन.

वाईट वाटलंच. हात धरून बसली होती म्हातारी. पण असंही मनात आलं की रक्षाविसर्जनाला सगळे पैपाहुणे एका जागी येतात. भाषणं होतात. स्पीकर असतो. आमच्याकडे निम्म्या सोयरिकी तिथेच ठरतात, हे काही मी सांगायला नको. प्रसंग दुःखाचा आहे, मात्र स्टेज मोठं आहे. श्रद्धांजली मी वाहणार.

शब्द काढले : ॲफेबल, ॲमिएबल, ऑस्टिअर, ऑगस्ट, ॲल्ट्रुइस्टिक. आजींना सगळेच लागू पडतात.

२१ जानेवारी, मंगळवार
सविस्तर लिहिणार आहे, कारण हा दिवस पुढे सांगण्यासारखा आहे.

गर्दी भरपूर. रक्षा पाण्यात सोडली, नैवेद्य मांडला : भात, भजी, आजींच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. मंडळी मागे सरली. लिंबावर चार कावळे बसलेले. एकही खाली येईना. श्रद्धांजली नंतर असते, पण कावळा शिवेपर्यंतचा वेळ फुकट घालवणं मला पटत नाही. मामांना विचारलं. ते काही बोलायच्या आत मी माईक घेतला.

सुरुवात मराठीत केली आणि मग गिअर बदलला. धोंडुबाई वॉज ॲन ऑगस्ट पर्सनॅलिटी. एकदम शांतता. माणसं श्वास रोखून ऐकत होती. एक कावळा खालच्या फांदीवर आला होता, तो ऑगस्टला वर गेला. सुभेदार हात जोडून नैवेद्यापुढे वाकले आणि म्हणाले, आये, सपनीचं लगीन ह्याच उन्हाळ्यात करतो. कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून जवळही आला. नेमका मी ॲल्ट्रुइस्टिकवर जोर दिला आणि स्पीकरने शिट्टी मारली. कावळा गेला. बायकांतून कुणी म्हणालं, म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय.

मी ॲमिएबलकडे वळलो, इतक्यात माईक बंद पडला. तांत्रिक बिघाड. मी शब्द शोधत थांबलो. मधल्या काळात सुभेदार पुन्हा वाकून काहीतरी पुटपुटले, मला नीट ऐकू आलं नाही. आणि त्याच क्षणी कावळा आला आणि भजं उचलून गेला! सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हिशेब केला तर तो माझ्या भाषणाच्या समारोपालाच आला.

स्वप्नाली पदराने डोळे पुसत होती. भाषण भिडलेलं दिसतंय. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मराठीत सांगता येणार नाही. इंग्लिश शब्द अजून आलेला नाही.

कृष्णात कुठे दिसेना. बघतो तर वायर गुंडाळून स्पीकरवाल्याला मदत करत होता.

२३ जानेवारी
मामांचा फोन. त्या दिवशी सुभेदार काय पुटपुटले ते कळलं. म्हणाले होते, आये, पोरगी जमीन कसणाऱ्यालाच देतो, पुण्या-मुंबईला धाडत न्हाई. आणि तेव्हा कावळा शिवला. साऱ्या गावादेखत. आता तो शब्द मोडणार नाहीत. मामा म्हणाले, पोरीचीबी हीच इच्छा हुती. पयल्यापासनं. रोपवाटिका सोडून तिला कुठं जायाचंच न्हाई. तवा पाव्हणं, तुमचं काय जमत न्हाई, तुमी तर बेंगळुरूला.

थोडा वेळ पायरीवर बसलो.

मग लक्षात आलं, अडचण काहीच नाही. जमीन मी कसतोच. लहानपणापासून कसतोय. फक्त तसं कळवायचं आहे. मात्र कसं कळवायचं याला महत्त्व आहे. एकदा कॉर्पोरेट म्हणून सांगितल्यावर एकदम ऊस म्हणणं म्हणजे जिन्यावरून गडगडत खाली येणं. सन्मानाने उतरायचं असेल तर मेसेज ॲडव्हान्स्ड इंग्लिशमध्ये हवा. तिचा नंबर कृष्णातकडून घेतला. दोन दिवसांत पाठवतो.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. तात्या पदकं लावून गेले. मी घरीच, मेसेजवर काम.

नेमका 'ॲग्रेरियन' हवा होता. 'आय बिलाँग टू ॲन' एवढं लिहून पुस्तक उघडलं. इतका गच्च खोडलाय की स्पेलिंग दिसेना. उन्हात धरून बघितलं. मागच्या बाजूने बघितलं. ए, जी, आणि पुढे काळं. मोबाईलवर बघता आलं असतं, पण पुस्तकाची शिस्त मोडायची नाही.

कृष्णात आला. म्हणाला, एवढं कशाला रं? फोन लाव आन म्हण, आवं, मी शेती करतो, खोटं बोललो. झालं की. मी त्याला समजावलं की सत्य सांगणं सोपं आहे, ते कोणत्या लेव्हलला सांगतो त्यावर त्याची किंमत ठरते. तो म्हणाला, मग मी सांगू का? मी स्पष्ट नको म्हणालो. त्याच्या भाषेत गेलं तर सगळं गेलं.

९ फेब्रुवारी
ए संपला! बी सुरू. घरात कुणालाही आनंद नाही.

मेसेजचा पहिला परिच्छेद जवळपास तयार. फक्त शेवटचं वाक्य जड वाटत नाही. आज तोडलेल्या उसाच्या खोडव्याला खत टाकलं, त्यामुळे संध्याकाळी पाठ धरली. बसून लिहिता आलं नाही.

कृष्णातने बांधावरून ओरडून विचारलं, सांगितलंस का? बी चालू आहे म्हणालो.

१८ फेब्रुवारी
कृष्णात पुन्हा आला. आज बसलाच नाही, उभ्याउभ्याच बोलला. म्हणाला, दादा, खरं सांग, तू तिला सांगणार हायस का न्हाई? उंब्रजवाली दुसरीकडं बघायला लागल्यात. मी म्हणालो, आठवडाभरात पाठवतो. म्हणाला, आठवडा म्हंजे आठवडा बरं का. चेहरा ओढलेला होता. त्याला एवढी काळजी का, समजलं नाही. भावकी असावी तर अशी.

रात्रीपर्यंत 'बेनेव्होलंट' पाठ केला.

२८ फेब्रुवारी
कृष्णात पेढे घेऊन आला. पुडा हातातच धरून दारात उभा राहिला.

सुपारी फुटली. त्याची आणि स्वप्नालीची.

आत बोलावलं. बसला. जे सांगितलं ते असं. रक्षाविसर्जनाच्या दिवशी माझा माईक बंद पडला तो बिघाड नव्हता, यानेच वायर काढली होती. कावळं भेत हुतं, दादा, म्हणाला. सुभेदारांनी ते बघितलं. कुणाचा म्हणून विचारलं. मामांनी सांगितलं, शेतीच करतो, आपल्याच रोपवाटिकेचं गिऱ्हाईक. ते महिनाभर त्याच्या घरी निरोप धाडत होते आणि हा टाळत होता. माझ्यासाठी. मी तिला कधी सांगतो याची वाट बघत. तुला दोनदा इचारलं गड्या, म्हणाला, तू बी चालू हाय म्हणालास.

आई आतून ऐकत होती. तिने पेढ्याचा पुडा घेतला, देवापुढे ठेवला आणि त्याच्या हातावर साखर ठेवली. तो पाया पडला तिच्या. माझ्या पडायला लागला तेव्हा मी त्याला उभं केलं.

वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. दुसरा शब्द बघितला नाही.

१ मार्च
आढावा. कालचं लिखाण भावनेच्या भरात झालं. शांतपणे पाहिलं तर हे माझ्या व्होकॅब्युलरीचं अपयश नाही, तिच्या वेगाचं अपयश आहे. पुढच्या स्थळाला तयार असेन. रोज वीस शब्द.

मेसेजचा मसुदा पुसला नाही. पुढच्या वेळी उपयोगी पडेल. फक्त नाव बदलायचं.

२१ मार्च
बी-मध्येच आहे. खोडव्याला पाण्याच्या पाळ्या, दुसरं काही नाही. तात्यांचं आणि माझं बोलणं कमी झालंय. ते पहाटे एकदा विचारतात, पाणी? मी म्हणतो, आहे. शॉर्ट रिपोर्ट.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
कृष्णातचं लग्न. उंब्रजला. दोन हजार माणूस.

निवेदकाच्या गाडीचा टायर फुटला. कृष्णातने मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मला शोधून काढलं, म्हणाला, दादा, माईक तूच घे, तुझ्याशिवाय कोण हाय? स्पीकरवाला तोच, नदीकाठचा. त्याने माईक देताना माझ्याकडे जरा बघितलं आणि वायर स्वतःच्या पायाखाली ठेवली.

मी बोललो ते असं. पांढरी गाडी आडवी लावली आहे, ज्यांची असेल त्यांनी काढून घ्यावी. एक लहान चप्पल सापडली आहे, डाव्या पायाची. वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावे. मानकऱ्यांनी टोप्या घेण्यासाठी स्टेजवर यावे. पांढरी गाडी अजून आडवीच आहे.

सगळ्यांना सगळं समजलं. गाडीवाला धावत आला. चप्पल न्यायला एक आई आली. साडेपाच महिन्यांत माझं बोलणं पहिल्यांदाच जिथल्या तिथे पोचलं.

अक्षता टाकताना मूठ रिकामी होईना. घामाने हाताला चिकटल्या होत्या.

२ जून
अंकिताचा, धाकट्या बहिणीचा फोन. म्हणाली, दादा, मिरजेकडचं एक स्थळ हाय, बोलू का? म्हणालो, सी सुरू झाला की बोलू. मग ती मुलाला ताप आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

१२ जुलै, शनिवार
आडसाली उसाची लागण. रोपं उंब्रजहून मागवली. तात्यांनीच मागवली, मला विचारलं नाही.

कृष्णात गाडी घेऊन आला. तो आता तिकडेच असतो, इकडचं रान भावाकडे. शेजारी ती बसलेली. ट्रे मोजायला स्वतः येते म्हणे. मी बनियनवर, डोक्याला टॉवेल, गुडघ्यापर्यंत चिखल. घरात पळायला वाटच नव्हती, गाडी वाटेतच उभी.

तिने ओळखलं. हसली. नमस्कार केला. मग रानाकडे बघून विचारलं, सरी केवढी धरलीय? मी म्हणालो, पाच फुटी, रोप दोन फुटांवर. ऊस शहाऐंशी शून्य बत्तीसच घेतलाय ना? व्हय म्हणाली. मी एक रोप उचलून मुळी बघितली. म्हणालो, आत्ता उतरवून सावलीत ठेवा, ऊन उतरल्यावर लावू, न्हाईतर मुळी सुकंल. आणि पलीकडच्या ट्रेला पाणी जास्त होतंय, बुरशी धरंल, एक दिवसाआड द्या.

बोलून गेलो. कधी बोललो तेच कळलं नाही.

ती बघतच राहिली. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे. म्हणाली, आजी शेवटपर्यंत म्हणत हुती, त्या पोराचं हात राबत्याचं हायत. आमीच तिची समजूत घालायचो, न्हाई गं आजी, जिमचं हायत. मग हळूच विचारलं, म्हंजे तुमी शेती करता?

कृष्णात टायर तपासायला खाली बसला. टायर चांगला होता.

मी म्हणालो, व्हय.

ऊन उतरल्यावर लागण केली. सगळ्या सऱ्या भरल्या. चार ट्रे उरले, ते कृष्णात परत घेऊन गेला.